शपथ कुणाची, कष्ट कुणाचे? जामखेडचं पुस्तक पुन्हा वाचताना

दिवाळी सरली की आमच्या माढा तालुक्यात उसाच्या फडाकडेला कोप्या उभ्या राहतात. बीड, आष्टी, पाथर्डी, जामखेडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि पहाटेपासून तोडणी. गेल्या हंगामात आमच्या गावच्या आशाताई अशाच एका टोळीकडे लोहाच्या गोळ्या घेऊन निघाल्या होत्या, मी सहज सोबत गेले. त्या बायका ताईंच्या रजिस्टरात नव्हत्या. त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या, त्यामुळे या फेरीचा मोबदला कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नव्हता. परत येताना मी विचारलं, "ताई, याचं काही मिळत नाही, मग कशाला एवढी पायपीट?" त्या म्हणाल्या, "बाई पोटुशी आहे, दिसतंय समोर. बघून गप बसायचं का?"

त्या कोपीतली पोटुशी बाई जामखेड तालुक्यातली निघाली. आणि माझ्या टेबलावर तेव्हा जामखेडचंच पुस्तक उघडं पडलेलं होतं. म्हणून हा लेख.

पुस्तक म्हणजे डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी लिहिलेलं 'जामखेड'. इंग्रजीत, १९९४ साली मॅकमिलननं काढलेलं. सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्याला हे पुस्तक चुकत नाही. मी मूळची संख्याशास्त्राची, पीएचडी बालमृत्यूच्या आकडेवारीवर. त्यामुळे माझ्याकडे ते आलं ते 'संदर्भ' म्हणून. पण वाचताना लक्षात आलं की हे आरोग्याचं पुस्तक आहे तसंच ते श्रद्धेचंही पुस्तक आहे, आणि आपण शास्त्रवाले त्यातला तो भाग सोयीनं वगळून वाचतो. वगळल्यामुळे काय निसटतं, आणि न वगळता वाचलं तर कुठले अवघड प्रश्न समोर येतात, ते आज बघू.

आधी गोष्ट काय आहे

मेबल जबलपूरच्या. त्यांचे वडील धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवायचे. रजनीकांत अहमदनगर जिल्ह्यातले. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९६० साली लग्न करताना दोघांनी शपथ घेतली, की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं. पुढची काही वर्षं त्यांनी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काढली. तिथं एक गोष्ट त्यांना छळायला लागली. बरं करून घरी पाठवलेलं मूल काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत यायचं. जुलाब, कुपोषण, धनुर्वात. म्हणजे दवाखाना कितीही चांगला चालवला तरी आजार जिथं तयार होतो त्या घराला, त्या पाण्याला, त्या गरिबीला हातच लागत नव्हता.

मग दोघं अमेरिकेत गेले. रजनीकांत यांनी जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं, आणि १९७० साली दोघं जामखेडला आले. तेव्हाचं जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचं दुष्काळी टोक. माढ्याहून साधारण शंभर किलोमीटर, कुर्डुवाडीवरून परंड्याच्या अंगानं वर गेलं की आलंच. आल्या आल्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो मोठा दुष्काळ पडला. डॉक्टर औषधं घेऊन आले होते, लोक मागत होते पाणी आणि भाकरी. तेव्हा आधी पाणी, आधी पोरांचं जेवण, अशी कामाची सुरुवात झाली.

पुढचं पाऊल सगळ्यात प्रसिद्ध आहे. खेड्यात नर्सबाई पाठवून बघितल्या, जमेना. तेव्हा गावातल्याच बायका निवडायचं ठरलं. बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या आणि परत गावात जायच्या. बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, लसीकरण, क्षयाची आणि कुष्ठरोगाची ओळख. शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं त्यांच्या पाठीशी. त्यातल्या मुक्ताबाई पोळ पुढे वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत बोलल्या. मोठ्या झुंबराची आणि छोट्या दिव्याची तुलना त्यांनी केली. झुंबर महागडं, एका जागी लटकलेलं. दिवा साधा, पण त्यावरून दुसरा दिवा लावता येतो.

हे जामखेडपुरतं राहिलं नाही. जिनिव्हाच्या वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसनं १९६८ साली ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केलं होतं. त्यांचा प्रश्न मिशन दवाखान्यांना होता: जो दारात येतो त्याला तुम्ही बरं करता, पण जो येऊच शकत नाही त्याचं काय? त्या मंडळींना जामखेडमध्ये उत्तराची एक वाट दिसली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली काढलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. तीन वर्षांनी अल्मा-आताचा जाहीरनामा झाला, 'सर्वांसाठी आरोग्य' म्हणणारा. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

३० टक्के म्हणजे नक्की किती?

आता थोडं माझ्या विषयाचं. जामखेडबद्दल नेहमी सांगितला जाणारा आकडा असा: १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. ऐकायला जबरदस्त आहे, खरंही आहे. पण संशोधक म्हणून पहिला प्रश्न पडतो: या काळात बाकीच्या महाराष्ट्रात काय झालं? तिथंही रस्ते आले, लस आली, रेशन आलं, मुली शाळेत गेल्या. तिथलाही बालमृत्यू उतरला. म्हणजे 'आधी आणि नंतर' एवढीच तुलना केली तर सगळं श्रेय एकट्या प्रकल्पाच्या खात्यावर जमा होतं.

म्हणून २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेला एक शोधनिबंध महत्त्वाचा. त्यात प्रकल्पाची गावं आणि त्यांच्यासारखीच पण प्रकल्पाबाहेरची गावं शेजारी ठेवून बघितली. आयांना त्यांच्या बाळंतपणांचा इतिहास विचारला, कोणतं मूल कधी झालं, कोणतं कधी गेलं. निष्कर्ष असा, की पहिला महिना पार केलेल्या मुलाला पाच वर्षांच्या आत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत ३० टक्क्यांनी कमी होता.

हे नीट समजून घ्या. शंभरातली तीस मुलं वाचली असा याचा अर्थ नाही. शेजारच्या गावांत असे दहा मृत्यू होत असतील, तर तेवढ्याच मुलांमागे इथं सात. आणि या तीसच्या भोवती एक पट्टा आहे, ६ पासून ४८ पर्यंत. म्हणजे हाती आलेली माहिती खऱ्या परिणामाच्या बाबतीत ६ टक्क्यांशीही जुळते आणि ४८ टक्क्यांशीही. पट्टा रुंद आहे, पण शून्याला शिवत नाही. आमच्या भाषेत याचा अर्थ: काहीतरी खरं घडलंय, किती ते मात्र बोट ठेवून सांगता येत नाही.

आणखी एक गंमत. शेजारची गावं 'कोरी' नव्हती. जामखेडची आरोग्यसेविका माहेरी जाते, बहिणीला सांगते, बाजारात भेटलेल्या बाईला सांगते. दिवा दिव्याला लावायचा म्हटल्यावर तो शीव बघून थोडाच थांबतो! म्हणजे तुलनेच्या गावांतही थोडं जामखेड मिसळलेलं असणार, आणि मग ३० हा आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. उलटही शक्य आहे. जी गावं मुळात प्रकल्पाला 'या' म्हणाली ती आधीच जरा पुढची असतील. निबंधानं असे घटक आकडेमोडीत शक्य तितके सांभाळले आहेत, पण मागे वळून केलेल्या अभ्यासात शंकेला थोडी जागा राहतेच.

मला हा निबंध आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. पण तो वाचून संपल्यावर तुम्हाला हे कळत नाही की प्रकल्प चालवणाऱ्यांनी जातीशी काय केलं, आणि का केलं. आकडा तेवढं सांगू शकत नाही. त्यासाठी पुस्तकाकडे परत यावं लागतं.

पंप कुठे बसवायचा?

पुस्तकातला सगळ्यात बोलका प्रसंग पाण्याचा. दुष्काळात कूपनलिका खणायच्या होत्या. पुढाऱ्यांना पंप आपल्या आळीत हवा होता. पाणी कुठे लागेल हे सांगणार तज्ज्ञ. आरोळ्यांनी त्या तज्ज्ञाला आधीच सांगून ठेवलं, की जागा शक्यतो दलित वस्तीत शोधायची. तज्ज्ञाचं बोट जिथं पडलं तिथं कुणी वाद घातला नाही, कारण ते 'शास्त्र' होतं. पंप बसला. आणि तहानलेल्या सवर्ण बायका घागरी घेऊन त्या वस्तीत यायला लागल्या.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, काय डोकं लावलंय म्हणून. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा महाड आठवलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तिथं युक्ती नव्हती. हक्क उघडपणे सांगितला होता, आणि त्याची किंमत म्हणून लोकांनी मार खाल्ला. मार्टिन ल्यूथर किंग हेही ख्रिस्ती, पाद्रीच. त्यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून धीर धरा म्हणणाऱ्या धर्मगुरूंना जे पत्र लिहिलं, त्यात त्यांची भूमिका स्पष्ट आहे: अहिंसेचं काम दडलेला ताण उघड्यावर आणायचं आहे, तो झाकायचं नाही.

या मापानं जामखेडचा पंप कुठे बसतो? आरोळ्यांनी ताण उघड केला नाही, वळणानं नेला. अस्पृश्यता चूक आहे असं सवर्णांकडून त्यांनी वदवून घेतलं नाही, पाय तेवढे त्या वस्तीकडे वळवले. पुस्तक हे यश म्हणून सांगतं, आणि माझी पहिली तक्रार इथं आहे. या सगळ्यात कुणाचं काय गेलं, कोण दुखावलं, कुणी नंतर डूख धरला, हे पुस्तकात फार पटकन उरकलं जातं. बहुतेक गोष्टींच्या शेवटी गाव शहाणं होतं. आपण खेड्यात वाढलो आहोत, गाव इतकं सरळ शहाणं होत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

पण न्याय करायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आरोळे कुणाच्या वतीनं तळ्यावर जाणार होते? नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे आणि तिथल्या चर्चमध्ये आलेली माणसं प्रामुख्यानं महार-मांग समाजातली. त्यामुळे 'ख्रिस्ती डॉक्टर' म्हटल्यावर गावाच्या मनात धर्मांतराची शंका आणि जातीचा हिशोब दोन्ही एकदम सुरू होतात. अशा माणसानं पहिल्याच वर्षी सामना पुकारला असता तर मार त्याला बसला नसता. तो तज्ज्ञ निघून गेला असता, डॉक्टरही जाऊ शकले असते. मार बसला असता वस्तीला. महाडला जे गेले त्यांनी मार पत्करायचं स्वतः ठरवलं होतं. दुसऱ्याच्या पाठीवरचा मार आपण ठरवू शकत नाही, हे आरोळ्यांना कळलं होतं असं मला वाटतं. म्हणून त्यांनी वाट लांबची धरली: आधी त्या वस्तीतल्या बाईच्या हातात असं ज्ञान द्यायचं की पाटलाच्या सुनेला बाळंतपणात तिलाच बोलवावं लागेल. पंप ही युक्ती होती. ती बाई मात्र युक्ती नव्हती, तिथं ताकद खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

ही ताकद सोडण्याची गोष्ट मला पुस्तकातला खरा ख्रिस्ती भाग वाटते. पुस्तकात श्रद्धेचा आवाज खालचा आहे, प्रवचन नाही. पण ख्रिस्ती विचारात एक जुनी कल्पना आहे, की देवानं स्वतःचं मोठेपण रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. नव्या कराराच्या ग्रीक शिक्षकाच्या मुलीला ती अपरिचित असणार नाही. डॉक्टरनं आपलं ज्ञान निरक्षर बाईला देणं, आणि गावानं 'आम्हाला आमची बाई पुरे' म्हटल्यावर त्यात आनंद मानणं, हे त्या कल्पनेचं रोजच्या कामातलं रूप आहे. डॉक्टर मंडळींना जवळून ओळखणाऱ्यांना हे किती अवघड आहे ते सांगायला नको.

शपथ स्वतःपुरती

आता माझी मोठी तक्रार, आणि ती पुस्तकापेक्षा आपल्याबद्दल जास्त आहे.

जामखेडच्या आरोग्यसेविका पगारी नव्हत्या. सुरुवातीला किरकोळ मानधन, पुढे स्वयंसेवा, आणि पोटापाण्यासाठी छोटा धंदा करायला मदत. पुस्तक याकडे अभिमानानं बघतं: पैशासाठी नव्हे, गावासाठी. आरोळ्यांच्या तोंडी हे शोभतं, कारण त्यांनी स्वतः शहरातली डॉक्टरकी सोडली होती. पण त्यांची शपथ त्यांची होती. लग्नाच्या दिवशी दोन सुशिक्षित माणसांनी, समोर दुसरे रस्ते खुले असताना, घेतलेली. विधवा, भूमिहीन बाईसमोर कुठले रस्ते खुले होते? तिच्या सेवेला 'शपथ' म्हणायचं की 'पर्याय नव्हता' म्हणायचं?

जामखेडमध्ये या प्रश्नाला निदान अर्धं उत्तर होतं. पैसे नाहीत, पण त्या बदल्यात तिला ज्ञान मिळालं, मान मिळाला, दर आठवड्याला हक्काची बसायची जागा मिळाली, डॉक्टरला उलट विचारायची मुभा मिळाली. तिचं म्हणणं ऐकून काम बदलायचं.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यात आशा आल्या, साधारण हजार लोकसंख्येमागे एक. यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता. पण सरकारनं काय उचललं बघा. गावातलीच बाई, हे उचललं. ती स्वयंसेविका, हेही उचललं. निवडताना मात्र आठवी पासची अट घातली. म्हणजे जामखेडनं मुद्दाम जी बाई शोधली होती ती पहिल्याच चाळणीत गळाली. दर आठवड्याची बैठक जाऊन रजिस्टरं आली. उलट विचारायची मुभा कुठल्याच परिपत्रकात आली नाही. त्याग तेवढा शिल्लक राहिला, आणि तोही तिच्या नावावर. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या.

म्हणून 'जामखेड मॉडेल' हा शब्द ऐकला की मी आता सावध होते. श्रद्धेतून आलेल्या कामाची नक्कल करताना श्रद्धा वगळता येते, ते ठीक आहे. सरकारला धर्म नसावा. पण श्रद्धेमुळे ज्यानं स्वतःहून तोशीस सोसली त्याच्या जागी दुसऱ्यालाच ती सोसायला लावली, तर ते मॉडेल उरत नाही, ती फुकट मजुरी होते. अहिंसेत सोसायचं असतं ते स्वतः. श्रद्धेच्या जागी सरकारला एकच गोष्ट ठेवता येते, आणि ती म्हणजे रास्त पगार. आशांचा संप हा मला म्हणूनच जामखेडच्या विरोधातला वाटत नाही. जामखेडच्या बाईला जो आवाज मिळाला होता तोच तो आवाज, फक्त आता पंचायतीऐवजी मुंबईपर्यंत पोचलेला.

गाव सोडून गेलेलं गाव

शेवटची गोष्ट पुस्तकाच्या आवाक्याबाहेरची आहे, पण आपल्या दारातली. जामखेडची सगळी रचना 'गाव' या एककावर उभी आहे: गावातली बाई, गावचं मंडळ, गावचा पंप. पण दिवाळीनंतर त्या पट्ट्यातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात आणि माणसं आपल्याकडे फडात असतात. जामखेडला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. जवळजवळ दर सहा जणींमागे एक. पाळीत खाडा पडला तर पैसे कापले जातात, त्यात कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर. हा आजार पाण्यातून आलेला नाही, उचल आणि खाड्याच्या हिशोबातून आलाय. त्याला मीठ-साखरेचं पाणी पुरत नाही, आणि कुणालाही न दुखावता तो सुटणारही नाही. इथं पंप दुसऱ्या वस्तीत बसवायची युक्ती चालत नाही. मुकादम, कारखाना, खाजगी दवाखाना, यांच्याकडे बोट दाखवावंच लागतं. म्हणजे इथं महाड लागतं.

एवढी टीका करूनही सांगते, पुस्तक मिळालं तर वाचा. इंग्रजी साधं आहे. आरोग्यसेविकांच्या शिक्षणाची पानं सावकाश वाचा आणि प्रत्येक यशाच्या गोष्टीपाशी थांबून स्वतःला विचारा, याची किंमत कुणी मोजली. मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. त्यांनी त्यांची शपथ पाळली, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्या दिवशी आशाताईंनी कोपीतल्या बाईचं नाव रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. महिना, गाव, नवऱ्याचा फोन. पुढच्या पंधरवड्यात टोळी दुसऱ्या फडावर हलली. ताई विचारत विचारत तिथंही गेल्या. बाळंतपण कुठे झालं, बाळ कसं आहे, हे आम्हाला कळलेलं नाही. ते मूल माझ्या आकडेवारीत यायचं तर त्याला माढ्यातलं धरायचं की जामखेडचं, हे आजही ठरलेलं नाही. माझ्या प्रबंधाच्या पुढच्या प्रकरणात मला आधी तेवढंच ठरवायचं आहे.